दत्तक: नाशिकच्या संस्थेतून थेट?

प्रश्न: आम्ही मूळ नाशिकचे, सध्या कॅनडात. नाशिकच्या संस्थेतूनच बाळ घ्यायचं आहे. तयारी काय करावी?

उत्तर: थेट संस्थेत जाऊन मूल निवडता येत नाही. नोंदणी ‘कारा’च्या (भारताच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या) पोर्टलवर, तीही कॅनडातल्या अधिकृत संस्थेमार्फत किंवा तिथल्या प्राधिकरणामार्फत. गृहभेटीचा अहवाल तिथलीच समाजसेविका लिहिते. घरात झुंबरं असायची गरज नाही; खिडक्यांना अटकाव, औषधांना कुलूप हवं. दोघांच्या वयांची बेरीज ८५ वर गेली, तर दोन वर्षांखालचं बाळ नाही. घोडं अडतं ते नावांपाशी: विवाहनोंदणीत माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. हे आधी जुळवा. ‘कारा’चं ना-हरकत पत्र आल्यावर दत्तक आदेश जिल्हाधिकारी देतात (२०२२ पासून न्यायालय नव्हे), मग बाळाचा पासपोर्ट. तोवर विमानाची तिकिटं काढू नका.