कमी खर्चात घरच्या बाथरूमसाठी शॉवर कसा निवडावा? मोठा रेन शॉवर (पावसासारखं पाणी पाडणारा रुंद तोंडाचा शॉवर) घ्यावा का?

दुकानात जाण्याआधी एक बादली आणि घड्याळ घ्या. जुना शॉवर असेल तर त्याचं तोंड काढून, नसेल तर बाथरूममधला नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली किती वेळात भरते ते बघा. मिनिटभरात भरली तर बहुतेक कुठलाही साधा शॉवर चांगला चालेल. दोन मिनिटं लागली तर मोठ्या रेन शॉवरचा नाद सोडा, तीन-चार इंची तोंडाचा घ्या.

हे मी अनुभवाने सांगतोय. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचो, तेव्हा हौसेने ८ इंची गोल शॉवर आणला. मधल्या भोकांतून बारीक धारा यायच्या आणि कडेच्या भोकांतून पाणी नुसतं टपकायचं. केसांतला शाम्पू निघता निघत नसे. प्लंबरने तो उतरवून चार इंची बसवला. तीच टाकी, तोच पाइप, पण अंगावर व्यवस्थित धार येऊ लागली.

कारण साधं आहे. टाकीतलं पाणी शॉवरपेक्षा १० मीटर उंचावर असेल तर साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक) प्रेशर मिळतं. टाकी डोक्यावरच्या गच्चीत असेल तर उंची जेमतेम तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. टाकी कितीही मोठी घेतली तरी यात फरक पडत नाही, फरक उंचीने पडतो. तेवढंच पाणी शंभर भोकांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? पंप लावून प्रेशर वाढवता येतं, पण मग त्याचा खर्च, आवाज आणि जुन्या पाइपांचे कच्चे जोड गळायची भीती. बजेट कमी असताना मी त्या वाटेला जाणार नाही.

आता पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे. शॉवरचं तोंड चांगल्या एबीएस प्लास्टिकचं घेतलं तरी चालतं. अर्ध्या इंचाचे आटे असतात, बिघडलं तर टेफ्लॉन टेप गुंडाळून पाच मिनिटांत दुसरं लावता येतं. वाचवू नका ते वॉल मिक्सर (गरम-गार पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ) किंवा डायव्हर्टरवर (पाणी एका शॉवरकडून दुसऱ्याकडे वळवणारा कॉक). ती वस्तू पितळेची आणि सिरॅमिक कार्ट्रिजचीच (आतला पाणी चालू-बंद करणारा भाग) घ्या. हातात घेऊन बघा, पितळ चांगलं जड लागतं. आणि कन्सील्ड, म्हणजे भिंतीत लपवलेला, डायव्हर्टर दिसायला कितीही छान असला तरी कमी खर्चाच्या कामात टाळा, असं माझं ठाम मत आहे. त्याची बॉडी भिंतीत गळायला लागली की टाइल फोडावी लागते, आणि तसलीच टाइल पुन्हा मिळेल याची खात्री नसते. बाहेरून बसणारा मिक्सर पान्याने उघडून दुरुस्त होतो.

माझी निवड विचाराल तर उभ्या रॉडवर वर-खाली सरकणारा हँड शॉवर आणि दीड मीटरचा होज. लहान मुलांना, गुडघे दुखणाऱ्या आजीला स्टुलावर बसून अंघोळ करता येते, कोपरे धुता येतात, आणि वेगळा वरचा शॉवर नसल्याने डायव्हर्टरही लागत नाही.

गीझर कुठला आहे तेही बघा. ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला ३ लिटर पाणी जेमतेम १४ अंशांनी तापवतो. थंडीत त्यावर शॉवर चालवायचा तर धार बारीक ठेवावी लागते. साठवणीचा गीझर असेल तर तापलेल्या पाण्यात गार मिसळता येतं, मग ही अडचण तेवढी जाणवत नाही.

पाणी जड असेल तर भोकांना रबरासारखे सिलिकॉनचे टोक असलेला शॉवर निवडा. अंगठ्याने चोळलं की क्षार सुटून येतात.

बसवताना प्लंबरच्या शेजारी उभे राहा आणि तोंड लावण्याआधी लाइन मिनिटभर मोकळी सोडायला सांगा. नव्या पाइपातली वाळू आणि टेपचे तुकडे थेट जाळीत जाऊन बसतात. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात धार निम्मी झाली होती. शॉवर उघडला तर जाळीवर सिमेंटचे कण आणि टेपचा बोटभर तुकडा अडकलेला.