दाढ दाखवायला नेलं आणि गालात चट्टा निघाला

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही गुहागरकडचे. सासूबाईंची दाढ ठणकत होती म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे नेलं तर दाढ राहिली बाजूला, ते म्हणाले गालात आतून पांढरा चट्टा आहे, तुकडा काढून तपासायला पाठवू. सासूबाई लग्नाच्या आधीपासून मिश्री लावतात, पण चट्टा दुखत वगैरे नाही. त्यांचं म्हणणं तुकडा काढला की रोग पसरतो. दाताच्या पेशंटमध्ये असं कॉमन असतं का हो, की उगाच घाबरवतायत?

उत्तर : ताई, कॉमन आहे, आणि उगाच घाबरवत पण नाहीयेत. दाढेसाठी आलेल्याच्या तोंडात भलतंच काहीतरी दिसणं आमच्याकडे नेहमीचं, पण किती जणांत, तर कोण काय मोजतो त्यावर आकडा बदलतो. ओठाच्या आतले पिवळसर बारीक ठिपके बहुतेक मोठ्या माणसांना असतात, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी रेघ असते, हे सगळं धरलं तर बाहेर बसलेली निम्मी रांग पेशंट ठरेल! त्याला औषधच लागत नाही. रात्री कवळी न काढता झोपणाऱ्यांची टाळू लालभडक होते ती बुरशीने, तीही बरी होते.

सासूबाईंचं वेगळं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायची पावडर नव्हे, आणि ती जिथे दाबून ठेवतात नेमका तिथेच चट्टा उठतो. गॉजने पुसून निघाला तर बहुधा बुरशी, नाही निघाला तर ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल असा पांढरा चट्टा, असू शकतो. असे बरेचसे चट्टे कॅन्सरपर्यंत जात नाहीत, पण कुठला जाईल हे नुसतं बघून मलाही सांगता येत नाही म्हणून तर बायोप्सी, म्हणजे तोच तुकडा काढून तपासणं. दुखत नाही यावर तर अजिबात जाऊ नका, सुरुवातीला दुखतच नाही. आणि रोग पसरबिसरत नाही हो, इंजेक्शनने बधिर करून छोटासा तुकडा घेतात, एखाद-दोन टाके, झालं. दुखऱ्या दाढेची कड तुटून गालाला घासतेय का तेही विचारा, तसं असेल तर ती गुळगुळीत करून दोनेक आठवड्यांनी परत बघतात. मिश्री मात्र आजच बंद, काही वेळा तेवढ्यानेही चट्टा कमी होतो, तरी तपासणी टाळायची नाही.

आणि घरात सुपारी कोण खातं ते लिहिलं नाहीत, आपल्याकडे वाडीतली म्हणून कौतुकाने खातात. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच तसं छापलंय. तिखट झोंबतं, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही असं सुपारी खाणारं कोणी म्हणत असेल तर स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघायला सांगा, नाही गेली तर सासूबाईंबरोबर त्यांनाही घेऊन जा.