खदानीवर ड्रोन उडवणार असशील तर हे वाच

अरे, सगळ्यात आधी आकाश कापून टाक. कॅमेरा सरळ खाली वळव, गिंबल (कॅमेरा स्थिर धरून फिरवणारा भाग) मायनस नव्वद अंशांवर, म्हणजे क्षितिज फ्रेममधून गेलं की बघणाऱ्याला कळतच नाही की ही खदान आहे का कुणाची जुनी गोधडी, आणि मजा तीच आहे. आपल्या ग्वाल्हेरच्या सँडस्टोनच्या खदानींत (इथे खाण कोण म्हणतंय!) दगड थराथरानं कापतात ना, त्या पायऱ्यांच्या सावल्या सकाळी ऊन तिरपं असतानाच लांब पडतात, दुपारी सगळं पापडासारखं सपाट दिसतं. मीही सुरुवातीला बारा वाजता जाऊन शंभरेक फोटो वाया घालवलेत, वर घरी आल्यावर आईची बोलणी वेगळी.

पाणी साचलेलं असेल तर मात्र ऊन वर आलं की रंग खुलतो. रंग एडिटिंगमध्ये फार ओढू नकोस, स्पेनच्या रिओ तिंतो नदीचं पाणी खरंच लाल आहे, लोह आणि आम्लामुळे, म्हणजे खरा रंगच पुरेसा विचित्र असतो. स्केलसाठी एखादा डंपर कोपऱ्यात राहू दे, काडेपेटीएवढा दिसला तरी चालेल.

आणि हो, इथे एअरफोर्सचा तळ आहे, त्यामुळे डिजिटल स्कायचा (सरकारी ड्रोन पोर्टलचा) नकाशा बघितल्याशिवाय बॅटरीसुद्धा लावू नकोस. ग्रीन झोनमध्येही, म्हणजे जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही तिथेही, १२० मीटरच्या वर जायचं नाही. खदानवाल्याला विचार, सुरुंग कधी उडवणार तेही विचार. टेकऑफ मॅटवरून कर, ती बारीक धूळ मोटरमध्ये गेली की मग रडत बसशील.