मिठाला पाणी सुटतं म्हणजे काय होतं?

ताई, तुम्ही विचारलंय की जुलै लागला की बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं, शेजारची साखर मात्र बरी राहते. मग मीठ वितळतं का?

वितळत नाही, विरघळतं. बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. विरघळायला नुसतं पाणी पुरतं, आणि पावसाळ्यात मुंबईच्या हवेत त्याला तोटा नाही.

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा बाष्प ओढून घेतं. दाण्यावर पाण्याचा पातळ थर बसतो, त्यात थोडं मीठ विरघळतं. अशा खाऱ्या पाण्याची वाफ साध्या पाण्यापेक्षा कमी होते, हवेतलं बाष्प मात्र येतच राहतं. थेंब वाढत जातो. साखरेची ही मर्यादा ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती जास्त तग धरते.

पण तुमच्या बरणीत नुसतं ओलसरपण नाही, तळाला पाणी साचतंय. माझ्या मते हे मॅग्नेशियम क्लोराइड या दुसऱ्या एका क्षाराचं काम. समुद्राच्या पाण्यात ते असतंच. मिठागरात पाणी आटताना मिठाचे खडे आधी धरतात आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. ते पाणी नीट निथळलं नाही तर खड्यांना चिकटून घरी येतं. मॅग्नेशियम क्लोराइडला बाष्प ओढायला ३३ टक्के आर्द्रताही पुरते, म्हणजे मुंबईत जवळपास बारा महिने.

बरणीच्या तळाचं चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत घ्या आणि गॅस बंद केल्यावर गरम तव्यावर ठेवा. मधोमध मिठाचे चौकोनी कण उमटतील, कडेला चिकट ओल राहील. ती ओल जिभेला लावून बघा, खारटामागून कडवटपणा येतो.

म्हणूनच मीठ तव्यावर भाजून भागत नाही. पाणी जातं, मॅग्नेशियम तिथेच राहतं. लोणच्याचं जाडं मीठ फडक्यात बांधून रात्रभर टांगा. जे ठिबकेल त्याबरोबर मॅग्नेशियमही निघून जाईल. मग उन्हात किंवा मंद आचेवर कोरडं करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. रोजच्या आयोडीनयुक्त मिठाला मात्र हे करू नका, निथळणाऱ्या पाण्यातून आयोडीनही जातं. त्यात भाजलेले तांदूळ घाला, आणि ते ओल धरून मऊ पडले की बदला.