पेट्रोल शंभरावर असताना घर कुठे घ्यावे?

प्रश्न : आम्ही सांगलीत नदीलगतच्या जुन्या वस्तीत, म्हणजे गावभागात, भाड्याने राहतो. मी कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, पत्नी मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका असून तिला पाळीने काम असते. मुलगी आठवीत, शाळा विश्रामबागेत. आई सत्तरीची आहे. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत : विश्रामबागेत 46 लाखांचा फ्लॅट, बुधगावच्या पुढे कवलापूरच्या बाजूला 34 लाखांचे रो-हाऊस आणि नदीच्या बाजूला सखल भागात 36 लाखांचा फ्लॅट. लांब गेलो तर दोघांचाही दुचाकीचा प्रवास वाढेल, कदाचित गाडीही घ्यावी लागेल. पेट्रोल असेच महाग राहणार असेल तर स्वस्त घर खरोखर स्वस्त पडेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तिसऱ्या पर्यायावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती आणि 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी वस्तीत शिरले. इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट असलेल्या शहरात हे विसरता येत नाही. गावभागात राहत असल्याने आपणास ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. पूररेषेचा नकाशा न पाहता तिकडे इसार देऊ नये, आणि पाहिल्यावर बहुधा द्यावासा वाटणारही नाही.

आता पेट्रोलचा हिशेब. आपण पत्रासोबत कळवलेल्या अंतरांनुसार कवलापूरच्या बाजूने कुपवाड 11 आणि मिरज 17 किलोमीटर पडते, तर विश्रामबागेतून अनुक्रमे 5 आणि 6. दोघांचे जाणे-येणे धरले तर दिवसाला 34 किलोमीटर जास्त आणि महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांत सुमारे 880. दुचाकी लिटरला 45 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये आहे असे धरल्यास हा जादा खर्च महिन्याला साधारण 2,100 रुपये होतो. उलट, विश्रामबागेच्या फ्लॅटसाठी 12 लाख जास्त कर्ज काढले तर साडेआठ टक्के दराने आणि वीस वर्षांच्या मुदतीने हप्ता सुमारे 10,400 रुपयांनी वाढेल. म्हणजे पेट्रोल उद्या दीडशेवर गेले तरी, निव्वळ इंधनाच्या हिशेबाने लांबचे घरच स्वस्त ठरते. महाग पेट्रोलच्या भीतीने शहरात घर घ्या असा सल्ला देणारे बहुतेक जण ही आकडेमोड करतच नाहीत.

तरीही माझा कौल विश्रामबागेला आहे, आणि त्याचे कारण आपल्याच पत्रातील ‘कदाचित गाडीही घ्यावी लागेल’ या वाक्यात आहे. जुलैच्या पावसात, रात्रपाळी संपवून मिरजेहून दुचाकीवर 17 किलोमीटर येणे एक-दोन महिने निभते. त्यानंतर घरात गाडीचा विषय निघतोच, आणि आईंना दवाखान्यात न्यायचे म्हटल्यावर तो पक्का होतो. सात लाखांच्या गाडीचा सात वर्षांचा हप्ता साडेनऊ टक्क्यांनी सुमारे 11,400 रुपये बसतो. घराच्या किमतीत वाचवलेले सगळे तिथे जाते. वर विमा, सर्व्हिसिंग आणि लिटरला पंधरा किलोमीटरने जाणारे पेट्रोल वेगळेच. शिवाय सात वर्षांनी गाडीची किंमत किती उरते ते आपण जाणताच. म्हणून प्रश्न पेट्रोल किती महाग आहे हा नसून, हे घर आपल्याला किती वाहने घ्यायला लावते हा आहे.

विश्रामबागेत आपल्याला ती सक्ती नाही. मुलगी शाळेत चालत किंवा सायकलने जाईल. सांगली-मिरज रस्त्यावर एसटीची शहर बस आणि रिक्षा मिळतात, त्यामुळे एखाद्या दिवशी दुचाकी बंद पडली तरी पाळी चुकत नाही. कवलापूरकडे जाणाऱ्या तासगाव रस्त्यालाही एसटी आहे, वडाप म्हणजे प्रवासी भरून धावणाऱ्या खासगी गाड्याही आहेत. परंतु रात्री उशिरा त्यांचा भरवसा नाही. रस्ता अडला तर काय होते हेही त्या बाजूच्या लोकांना ठाऊक आहे : चिंतामणीनगरचा रेल्वे पूल पाडून नवा बांधण्याचे काम चालू असताना माधवनगर-बुधगावकरांना रोज वळसा घालून यावे लागत होते.

इंधन पुढे उतरेल या आशेवर मात्र निर्णय बेतू नये. आपला देश 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, आणि ते उतरले तरी पंपावर तितके उतरत नाही. 2020 च्या उन्हाळ्यात जगभर तेल कोसळले असताना मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी करवाढ केली होती. बसचे भाडेही एकदा चढले की सहसा खाली येत नाही : एसटीने ऑक्टोबर 2021 मध्ये 17.17 टक्के आणि जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्के वाढ केली. त्यामुळे दराचा अंदाज बांधण्यापेक्षा आपल्या हाती असलेले अंतर कमी ठेवणे शहाणपणाचे.

रो-हाऊसच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. विजेवरची स्कूटर घ्यायची असेल तर स्वतःच्या दारात चार्जिंग करणे सोपे असते. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये त्यासाठी सोसायटीशी आधी बोलून ठेवावे लागेल. अशी स्कूटर एका युनिटमध्ये तीस किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे इंधनाचा खर्च किलोमीटरला पैशांत येतो. पण पाऊस, रात्र आणि अंतर यांवर तो उपाय नव्हे.

46 लाख जड वाटत असतील तर विश्रामबाग किंवा विजयनगर परिसरातील पंधरा-वीस वर्षांच्या इमारतींतील पुनर्विक्रीचे फ्लॅट अवश्य पाहा. क्षेत्र थोडे कमी, लिफ्ट कदाचित नसेल, म्हणून आईंसाठी तळमजला किंवा पहिला मजला धरा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, स्वतः पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. पत्नींची बदली तासगावच्या बाजूला होण्याची शक्यता असेल, तर मात्र वरचे सारे गणित उलटते. तसे असल्यास बदली ठरेपर्यंत वर्षभर भाड्याने विश्रामबागेतच राहावे आणि कर्जाची घाई करू नये.