सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात कोकणात गावी गेलं तर बघण्यासारखं काही असतं का?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात आंब्यांसाठी आणि मग गणपतीला सगळेच जातात, पण तुम्हाला सुट्टी मिळतेय नेमकी सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरात, तर तेव्हा काय बघायचं. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, मी राहतो डोंबिवलीला, आणि गणपतीची रजा एखाद वर्षी कमी केली तरी चालेल पण कापणीला चार दिवस जातोच जातो, त्यामुळे माझं उत्तर एकतर्फी असणार हे आधीच सांगतो.

जा. फक्त धबधबे बघायला जाऊ नका, ते तोवर आटायला लागलेले असतात. भात बघायला जा. जूनमध्ये पेरलेलं, जुलैत लावलेलं भात तेव्हा पिकलेलं असतं, लोंब्या पिवळ्या आणि बुडखा अजून हिरवा, आणि सकाळी दव पडलेलं असताना बांधावरून चाललात की एक वास येतो, पेजेच्या टोपावरचं झाकण काढल्यावर येतो ना साधारण तसा. हा वास आठ-दहा दिवसच असतो. एकदा कापून झालं की मग नुसता पेंढ्याचा वास, तोही वाईट नाही म्हणा.

तारीख कुठली हे विचाराल तर त्याला एक उत्तर नाही, कारण भातात हळवं आणि गरवं असं असतं. हळवं म्हणजे शंभर-एकशेदहा दिवसांत तयार होणारं, ते वरच्या, पाणी न थांबणाऱ्या जमिनीत लावतात, ते घटस्थापनेच्या आसपास कापायला येतं. गरवं खालच्या मळ्यात, त्याला एकशेचाळीस दिवस लागतात, ते कोजागरीनंतर दिवाळीपर्यंत चालतं. मध्ये निमगरवं. म्हणून मी सांगेन नवरात्रातला शेवट ते कोजागरी हे दिवस धरा, एका बाजूला कापलेली खाचरं, दुसऱ्या बाजूला उभं भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी असं सगळं एकदम बघायला मिळतं.

आता पाऊस. हवामान खात्याच्या हिशोबाने मान्सून मुंबईतून 8 ऑक्टोबरच्या सुमारास परत जातो, पण तो कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात काय होतं की सकाळी कडक ऊन, दुपारी अंगाची लाही, आणि चार वाजता सह्याद्रीच्या बाजूने काळं भरून येतं आणि गडगडाट करून अर्धा तास असा झोडपतो की बस. हस्त नक्षत्र 27 सप्टेंबरच्या सुमारास लागतं, आमच्याकडे त्याला सरळ हत्तीच म्हणतात, आणि पडेल हत्ती तर कोसळतील भिंती ही म्हण काय उगाच नाही. त्यामुळे कापणीच्या दिवसांत गावातला प्रत्येक माणूस बोलता बोलता मान वर करून पूर्वेला बघत असतो, तुम्हालाही दोन दिवसांत ती सवय लागते.

2019 ला आम्ही फसलो. गरवं भात कापून खाचरात पसरून ठेवलं होतं, कारण कापलं की दोन-तीन दिवस उन्हात वाळवावं लागतं, दाण्यात ओल राहिली तर कणगीत बुरशी धरते. आणि दिवाळीच्या तोंडावर समुद्रात क्यार चक्रीवादळ आलं, ते किनाऱ्याला धडकलं नाही पण पाऊस एवढा दिला की कापलेल्या लोंब्यांना तिथेच पाण्यात मोड आले. हिरवे हिरवे मोड, दिसायला सुंदर, म्हणजे खरंच सुंदर दिसत होतं ते. काकी काही बोलली नाही, नुसती पेंढ्या उलट्या करत राहिली. आमच्याकडे नरकचतुर्दशीला नव्या भाताचे पोहे लागतात, दूधपोहे, दहीपोहे, गूळपोहे, तिखट पोहे असे चार-पाच प्रकार, त्या वर्षी पहिल्यांदा दुकानातले पोहे आणले.

बरं, प्रत्यक्ष करायचं काय. तर कापायला बसा. मला पहिल्या वर्षी काकीने विळा काढूनच घेतला, म्हणाली तुझी बोटं जातील, तू आपला पेंढ्या बांध. पेंढी बांधायची तीही भाताच्याच काडीने, पीळ देऊन, मला ते जमायला तीन वर्षं लागली आणि अजूनही माझी पेंढी खळ्यापर्यंत जाता जाता सुटते. कंबर अशी धरते की जिमबिम सगळं विसरा. पण अकरा वाजता बांधावर जो चहा आणि भाकरी येते, सोबत लसणीची चटणी नाहीतर कालचं सुकट, ते खाताना कोणी बोलत नाही. मग भारे डोक्यावरून खळ्यात, तिथे सारवलेल्या जमिनीवर फळी ठेवून झोडायचं, वाऱ्यावर पळंज (पोकळ दाणे) उडवायचं. काही जण आता मशीन आणतात, ग्रासकटरने पण कापतात, माणसंच कुठे आहेत गावात. अर्धी खाचरं पडीक आहेत, उरलेल्यात रानडुकरं आणि वानरं. हे पण दिसेल तुम्हाला, नुसतं हिरवंगार इन्स्टावालं कोकण डोक्यात धरून गेलात तर जरा बोचेल.

दसऱ्याला नाहीतर कोजागरीला, गावागावाप्रमाणे, दाराला नवं बांधतात. आंब्याच्या पानात भाताची लोंबी, नाचणी, वरी, कुरडूचं फूल, झेंडू असं एकत्र बांधून दाराला, देव्हाऱ्याला, विळ्या-कोयत्यांना, आता बाइकच्या हँडलला सुद्धा. कोजागरीलाच नवान्न पौर्णिमा म्हणतात ती यासाठी, त्या दिवशी नव्या तांदळाची खीर. नव्या तांदळाचा साधा भात मात्र चिकट गोळा होतो, पाहुणा म्हणून हौसेने मागू नका, तांदूळ पाच-सहा महिने जुना झाला की मोकळा होतो. खीर नाहीतर पेज मागा. परसात तवसं असेल (मोठी जून काकडी हो), तिचं गूळ घालून धोंडस करतात, आणि चिबूड शेवटचा मिळाला तर साखर लावून.

दोन गोष्टी सीरियसली घ्या. पायाला कुठे चिरलेलं असेल तर चिखलात अनवाणी उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) भीती याच दिवसांत असते, ताप आला तर अंगावर काढू नका. आणि पेंढ्यात, गडग्याच्या दगडात हात घालताना आधी काठी घाला, फुरसं (छोटा विषारी साप) आणि विंचू दोन्ही असतात. लाल विंचवाने कोकणात पूर्वी माणसं दगावायची, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने जीव वाचतो हे दाखवलं तेव्हा कुठे ते कमी झालं, पण म्हणून टाइमपास करायचा नाही, लागलीच दवाखाना.

राहायला ओळखीचं घर असेल तर उत्तम, नसेल तर देवरुख-संगमेश्वरकडे घरगुती सोय बघा आणि जायच्या आधी फोन करून विचारा की तुमची कापणी कधी, त्यांना एवढ्यानेच बरं वाटतं. रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल ऑक्टोबरातही चालू असतं, गाड्या हळू, तर परतीच्या दिवशी संध्याकाळचा कुठला कार्यक्रम ठेवू नका. फुल शर्ट, टोपी, जुने बूट. आणि निघताना घरातली बाई हातभर लांबीचं तवसं देणार, नको नको म्हणून उपयोग नाही, फक्त ते बॅगेत कपड्यांच्या खाली ठेवू नका, आमचं एकदा पनवेलला फुटलं.