गरम झाल्यावर मिसिंग मारणारी पॉइंटवाली बुलेट: कशी तपासायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९६ ची बुलेट ३५०, १२ व्होल्ट, पॉइंटचं इग्निशन (मिटणारी-उघडणारी दोन टोकं, ती उघडली की प्लगला ठिणगी पडते). सकाळी एका किकमध्ये चालू होते, १०-१२ किलोमीटर सुरळीत जाते. मग मिसिंग सुरू होतं (इंजिन मधूनमधून ठोका चुकवतं), सायलेन्सरमधून फटाके येतात आणि शेवटी बंद पडते. २० मिनिटं उभी केली की परत ठणठणीत. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर दोनदा धुतला, फरक नाही.

या लक्षणांवर माझा पहिला संशय कंडेन्सरवर (पॉइंट उघडताना तिथे जाळ होऊ न देणारी छोटी डबी) आणि दुसरा कॉइलवर (बॅटरीचा करंट प्लगसाठी जोरदार करणारी). पण दोन्ही एकदम बदलू नका. आणि गाडी थंड करून गॅरेजला नेऊ नका, थंड गाडीत हा दोष सापडणारच नाही. जिथे बंद पडेल तिथेच, लगेच तपासायचं. त्यासाठी डिकीत प्लगचा पाना, चालू असल्याची खात्री असलेला एक प्लग, स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक जादा कंडेन्सर आणि दोन हात वायर ठेवा.

बंद पडली की सगळ्यात आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून एक किक मारा. लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, इग्निशनला हात लावायची गरज नाही. तसाही फरक कानाला कळतो. पेट्रोल कमी पडलं तर गाडी हळूहळू दबते आणि चोक लावला की थोडी सावरते. करंट तुटला तर एकदम झटका बसतो, न जळलेलं मिश्रण तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं, म्हणून फटाके. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतंय.

आता इंजिनातला प्लग काढून ठिणगी बघा. एखाद्या जुन्या प्लगची बाहेरची दांडी वाकवून ५-६ मिलिमीटर फट करा आणि तो प्लग कॅपमध्ये बसवून हेडच्या फिन्सवर टेकवा. ०.५ मिलिमीटर फटीत उघड्या हवेत अशक्त करंटही उडी मारतो, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तोच हार मानतो. म्हणून नेहमीच्या प्लगवर ठिणगी दिसली तरी निर्धास्त होऊ नका. निळी, 'टक्' असा आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, कधी येते कधी नाही, तर करंट कमी आहे. प्लग भोकापासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ येत असते. आणि एचटी वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर) मोकळी लटकत ठेवून किक मारू नका. करंटला बाहेर जायला वाट नसली की तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो.

ठिणगी अशक्त निघाली तर बुलेटवाल्यांकडे एक फुकटचं यंत्र आहे: हेडलॅम्पच्या केसिंगवरचा ॲम्पिअर मीटर. इंजिनातला प्लग काढलेलाच आणि कॅपमधला फिन्सवर टेकलेलाच ठेवा, लाइट बंद, चावी चालू, आणि किक हाताने अगदी सावकाश दाबा. पॉइंट मिटलेले असताना सुई मायनसकडे साधारण ३ ॲम्पिअर जाते, उघडले की शून्यावर येते. सुई हललीच नाही तर पॉइंट मिटत नाहीयेत, किंवा मागे बॅटरी, फ्यूज, चावीपैकी काहीतरी तुटलंय. सुई मायनसलाच अडकून राहिली तर पॉइंट उघडत नाहीयेत किंवा त्यांची वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. पॉइंट नुकतेच कोणी काढून बसवले असतील तर फायबरचे वॉशर उलटसुलट लागलेत का ते बघा. ही चूक फार नेहमीची आहे.

मल्टिमीटर असेल तर पॉइंट मिटलेले आणि चावी चालू ठेवून दोन मापं घ्या. कॉइलच्या आवक टर्मिनलला बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट असेल तर दोष चावीत, फ्यूजच्या खोबणीत किंवा हेडलॅम्पमधल्या जोडण्यांत. दुसरं माप कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत. तिथे ०.२-०.३ व्होल्टहून जास्त दिसलं तर पॉइंट मळलेत किंवा अर्थिंग कच्चं आहे. मीटर नसेल तर बॅटरीच्या प्लसवरून मध्ये फ्यूज टाकून थेट कॉइलला वायर द्या आणि गाडी चालवून बघा. मिसिंग गेलं तर वायरिंगच शोधायचं, विशेषतः हँडल वळतं त्या जागी. ही वायर लावलेली असताना गाडी चावीने बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, टाच (पॉइंटचा कॅमवर घासणारा भाग) कॅमच्या, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागाच्या, सगळ्यात उंच जागी असताना मोजायची. टाच झिजली की फट कमी होते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे जातं आणि पॉइंट जळायला लागतात. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा झाला असेल तर फिलर गेज खोटं माप दाखवतं, आधी पॉइंट फाइलने सपाट करा. एमरी पेपर नको, त्याचे कण पृष्ठभागात रुततात. शेवटी पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कोरा कागद मधून फिरवून तेलाचा थर काढा. कॅमला ग्रीस अगदी टिपकाभर. जास्त झालं तर तापल्यावर तेच वितळून पॉइंटवर येतं. कॅमचा शाफ्ट हाताने आडवा हलवून फट बदलते का तेही बघा. बदलत असेल तर बुश (शाफ्टला धरणारी नळी) गेलाय, कितीही सेटिंग केलं तरी टिकणार नाही.

आता कंडेन्सर. त्याच्या आत पत्र्याच्या पातळ पट्ट्या आणि मध्ये इन्सुलेशन गुंडाळलेलं असतं, आणि तो इंजिनाच्या अंगाला चिकटून असल्यामुळे दिवसभर भाजत असतो. तापल्यावर इन्सुलेशन गळायला लागलं की पॉइंट उघडताना प्रवाह एका झटक्यात तुटत नाही, पॉइंटमध्येच जाळ होतो आणि कॉइलला जोर येत नाही. थंड झाला की पुन्हा शहाणा. म्हणूनच मीटरवर थंड कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरड दाखवतो आणि मेकॅनिक म्हणतो, हा तर चांगला आहे. खरी परीक्षा रस्त्यावर: जुन्याची वायर सोडा, जादा कंडेन्सरची बॉडी फ्रेमच्या स्वच्छ बोल्टला कसा आणि त्याची वायर कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला लावा. लगेच चालू होऊन नीट चालली तर निकाल लागला. मग तो तिथेच, टाकीखाली, कायमचा राहू द्या. उष्णतेपासून लांब जास्त टिकतो, चालायलाही काही फरक पडत नाही. बाजारात नवे कंडेन्सर बरेच सुमार निघतात, त्यामुळे 'नवा टाकलाय' हा पुरावा धरू नका.

कंडेन्सर बदलूनही तसंच झालं तर कॉइल, तीही गरम असतानाच मोजायची. १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडचं वेटोळं) साधारण ३ ते ४.५ ओहम असतो. दीडच्या आसपास आला तर कोणीतरी ६ व्होल्टची कॉइल टाकलीय. ती दुप्पट प्रवाह खेचते, स्वतः तापते आणि पॉइंटही खाते. सेकंडरी (प्लगकडचं वेटोळं) काही हजार ओहम यायला हवा, तुटका दाखवला तर कॉइल गेली. तरी मीटरवर पास झालेली कॉइलही दाबाखाली फुटू शकते, शंका असेल तर ओळखीच्या गाडीची लावून बघणं सगळ्यात खात्रीचं. इंजिन बंद असताना चावी चालू विसरायची सवय असेल तर ती मोडा. पॉइंट मिटलेल्या जागी थांबले असतील तर ३५-४० वॅट नुसते कॉइल भाजत राहतात.

कॉइलवर पैसे घालण्याआधी प्लगची कॅप बदला, ती स्वस्त आहे. एचटी वायरचं टोक ५ मिलिमीटर कापून ताज्या तांब्यात कॅप फिरवून बसवा. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारा, निळे धागे नाचताना दिसले तर करंट तिथून पळतोय. रेझिस्टरवाला प्लग आणि रेझिस्टरवाली कॅप दोन्ही एकत्र नकोत. प्लगची फट ०.४५ ते ०.५० मिलिमीटर पुरे.

पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदलतं, म्हणून आधी फट, मग टायमिंग: कॉम्प्रेशन स्ट्रोकला, ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजनं मिटलेली असताना, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर आधी पॉइंट नुकते उघडायला हवेत. पॉइंटच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा, चावी चालू ठेवा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा.

आणि गाडी गरम होऊन बंद पडलेली असतानाही त्या ५-६ मिलिमीटरच्या फटीत निळी ठिणगी पडत असेल तर वायरिंगचा नाद सोडा. डिकॉम्प्रेसरची (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून इंजिनातला दाब सोडणाऱ्या लिव्हरची) केबल बघा. लिव्हरला थोडा ढिलेपणा नसेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि फटाके तेव्हाही येतात. मग थंड इंजिनवर टॅपेट (व्हॉल्व्हची फट): पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारी दांडी, बोटाने सहज फिरायला हवा, पण वर-खाली हलता कामा नये.